कड्यावरची भरती

५ ऑगस्ट

कुनिंगनचा सण परवा झाला. आईने बांधून दिलेला पिवळा भात विटायच्या आत बेटावर पोचले. सानूरहून होडीने तासभरसुद्धा लागत नाही, पण आज समुद्राने आम्हाला सुपातल्या दाण्यांसारखं पाखडलं. कड्यावर चढून घर पाहिलं आणि सगळा शीण गेला. काय उभं केलंय म्हाताऱ्या मिस्त्रींनी, पाक रुंडुंगनी! बांबूचे जुडगे जमिनीतून एकत्र उठतात आणि वर जाऊन बोटांसारखे उमलतात. त्यांच्यावर छप्पर, वाऱ्याने अर्धवट उलटलेल्या केळीच्या पानासारखं. सरळ रेघ म्हणून सापडत नाही. अकरा वर्षं बांबूत हात घालते आहे, पण दुसऱ्याच्या कामाचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.

माझ्याकडे छपराचे बांध, शाकारणी आणि माडीची जमीन. मालकीण इबू हेरावती, सुराबायाच्या, दातांच्या डॉक्टर होत्या. तीस तारखेला, अमावास्येला, त्या म्हाताऱ्या आईला आणि बहिणींना घेऊन गृहप्रवेशाला येतील. तिथी आणि वेळ पाक रुंडुंगनीच काढून दिली आहे, दुपारी बाराच्या सुमाराची.

बांबू सोडला तर बाकी सगळं जुनं लाकूड. तळघरासारख्या गार खालच्या खोलीत ऊलीनच्या, लोखंडासारख्या लाकडाचे सहा काळे खांब आहेत. वस्तीच्या खालच्या खाडीतला जुना धक्का मोडला, त्याचे. माडीच्या फळ्याही त्याच धक्क्याच्या, बाहेर रचून ठेवल्यात. चाळीस वर्षं समुद्रात मुरलेलं लाकूड. करवतीचे दात पडतील पण त्याला ओरखडा नाही उठणार.

वेंतेन इथला मुकादम. चार वर्षांनी मोठा असून मला 'म्बोक' म्हणतो. मी म्हटलं, ताई कशाला म्हणता, धाकटी आहे मी. तर म्हणाला, तुमच्या बांगलीच्या डोंगरातल्या बायका जन्मतःच मोठ्या बहिणी असतात, हुकूम सोडत येतात. स्वयंपाकाला मेन रस्मिन आहे, म्हणजे रस्मिनची आई. तिच्या हातची मिरचीची चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, रडलीस ना, आता तू बेटाची झालीस.

७ ऑगस्ट

छपराचे पूर्वेकडचे बांध पुरे झाले. दोन बांबूंना भुंगा लागलेला निघाला; टाकणखाराच्या पाण्यात नीट बुडवले नव्हते. वेंतेनला बोलले. त्याने कान धरले, पण डोळे हसत होते.

एक बारीकशी गोष्ट. खालच्या खोलीतले सहाही खांब बुडाशी ओले आहेत. घोट्याच्या जरा वर, सगळ्यांवर एकाच पातळीत, दोरी धरून आखल्यासारखी रेघ. पाऊस नाही, दव नाही. या दिवसांत इथली जमीन तव्यासारखी कोरडी असते. बोट लावून चाटलं. खारट. मुरलेलं मीठ हवेतली ओल ओढतं, त्यातलाच प्रकार असावा.

१० ऑगस्ट

पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. रेघ हलते. सकाळी खांब कोरडे, मग ओल चढते, आणि नंतर उतरते. रोज वेगळ्या वेळी, रोज थोडी उशिरा. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत घोट्यापर्यंतच होती. आज नडगीच्या मध्यावर.

वेंतेन सुट्टीच्या दिवशी मासे मारतो, त्याच्याकडे भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. सहज म्हणून मागून घेतलं.

जुळलं. मिनिटांच्या फरकाने. समुद्र इथून खाली दीडशे हात आहे.

खांबांना चिकटलेल्या कालवांच्या कवच्या मी मेलेल्या समजत होते. भरतीच्या वेळी वाकून पाहिलं तर रेघेखालच्या सगळ्या किंचित उघडल्या होत्या.

१३ ऑगस्ट

माडीची जमीन घातली. पाक रुंडुंग दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत, आज मात्र फळ्यांपाशी ठाण मांडून बसले. प्रत्येक फळीच्या पोटाला चुन्याने आकडा घातलेला आहे. त्याच क्रमाने घालायच्या, म्हणाले, एकही इकडची तिकडे नको. मी म्हटलं, नऊ नंबरची फळी खिडकीपाशी चांगली बसेल. म्हणाले, नऊ आठाच्या शेजारीच. आणि लोखंडी खिळे नाहीत, ऊलीनच्याच खुंट्या. भिजल्या की फुगतात आणि फळी जन्मात उचकटत नाही. हे सगळं सांगितलं, पण स्वतः एका फळीला हात लावला नाही. शेवटची खुंटी मी ठोकली तेव्हा उठून बाहेर गेले. बाहेर जाऊन काय केलं तर नुसते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वेंतेन म्हणाला, म्हाताऱ्याला हातोड्याचा आवाज सोसत नाही. मिस्त्रीला!

काम मात्र झकास झालं. फट म्हणून नाही.

१५ ऑगस्ट

पौर्णिमा.

मेन रस्मिन सकाळी खालच्या खोलीत पानाच्या द्रोणात नैवेद्य ठेवते. मी अकराच्या सुमारास खाली काहीतरी मोजायला गेले. द्रोण जमिनीवर होता, पण रिकामा. फुलं माझ्या कमरेपाशी होती. झेंडूच्या पाकळ्या, चाफा, तांदळाचे दाणे, सगळं हवेत एका पातळीवर पसरलेलं, अगदी हळू डुलत होतं. उन्हाचा पट्टा आडवा येत होता, सगळं लख्ख दिसत होतं. मी हात घातला. हात कोरडाच राहिला. पण हात जिथून गेला तिथून पाकळ्या बाजूला सरल्या आणि मागे परत मिटल्या.

श्वास घेताना जड वाटलं. बाहेर आले.

खांबांवरची रेघ कमरेला होती.

१६ ऑगस्ट

कोणाला सांगितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण कारण लिहिते. हे काम माझ्या नावाने ओळखलं जाणार आहे. इबू हेरावतींच्या दोन मैत्रिणींना असंच घर हवंय, तसं त्या बोलल्या आहेत. ओलीची बातमी फुटली तर मला दारात कोण उभं करेल? मी खांबांना जवसाचं तेल चोपडलं, तीन हात. काळं लाकूड चकाकायला लागलं, आता ओलं कुठलं नि तेलकट कुठलं कळत नाही.

तेवढ्यात वेंतेन आला. खांबाचा वास घेऊन म्हणाला, म्बोक, समुद्र लपवायला तेल लावतेस होय? मी हसले. म्हटलं, जुनं मीठ आहे, ओल ओढतं, दोन वर्षांत जाईल. तो म्हणाला, तू म्हणतेस म्हणजे झालं. इथे दुपारी काय गार वाटतं गं, आई शप्पथ, गावात असा गारवा नाही.

मी तेलाचा डबा बंद केला आणि छपरावर गेले.

१८ ऑगस्ट

वेंतेन गेला.

काल स्वातंत्र्यदिनाचे खेळ होते. तेल लावलेल्या सुपारीच्या खोडावर तो चढला, टोकाला बक्षीस म्हणून टांगलेली सायकल जिंकली. आज अंग दुखतंय म्हणत जेवणाआधी खालच्या खोलीत चटई टाकून आडवा झाला. मी छपरावर होते. दीडला मेन रस्मिन भात घेऊन गेली आणि तिची किंकाळी आली.

चटई कोरडी. कपडे कोरडे, केस कोरडे. डोळे उघडे. मी त्याला कुशीवर वळवलं तेव्हा तोंडातून पाणी आलं. थांबतच नव्हतं. खारं, त्यात वाळू.

आरोग्य केंद्राचा डॉक्टर म्हणाला, पोहून आला असेल, मग छाती भरली असेल. मी म्हटलं, तो छपराखाली झोपला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, पोहून आला असेल.

खांबांवर हात फिरवून पाहिला. तेलाखाली ओल मांडीच्या वर होती. झोपलेला माणूस तिच्या किती खाली असतो ते मोजायची गरज नाही.

त्याने विचारलं होतं. मी सांगितलं, जुनं मीठ.

२० ऑगस्ट

वेंतेनच्या बायकोला भेटायला गेले. तिने माझ्यासमोर कॉफी ठेवली. म्हणाली, म्बोक आर्मिनी, तुमच्याबद्दल फार बोलायचे, हसवायचे आम्हाला तुमच्या नकला करून. मी खरं सांगायला गेले होते. सांगता आलं नाही. कॉफी पिऊन आले.

गडी कामावर यायचे थांबले. आता मी, पाक रुंडुंग आणि मेन रस्मिन.

२३ ऑगस्ट

भांग. रेघ घोट्याशी. आज नीट श्वास घेता आला.

इबू हेरावतींना फोन केला. सगळं सांगितलं, फुलांचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, तुमच्या माणसाचं फार वाईट झालं, तुम्ही हबकला आहात. सुट्टी घ्या दोन दिवस. बांबूचं घर आहे, थोडं ओलं व्हायचंच! आईला समुद्र दिसेल अशा जागी खालीच बसवायचंय, तिला जिना चढवत नाही. पंगत खालीच मांडा.

२६ ऑगस्ट

माडीवर होते. सकाळ. रेघ खाली मांडीपर्यंत असेल. पायाखालच्या फळीवर खालून आवाज आला.

एकदा. मग दोनदा.

खाली जाऊन पाहिलं, कोणी नाही. खोली रिकामी, ऊन. पण खांबांवर, रेघेच्या वर, कोरड्या लाकडावर ओले पंजे उमटले होते. खालून वर गेलेले. प्रत्येक खांबाला. जिथे हात पोचत नाही तिथेही होते.

पाक रुंडुंगना ओढत आणलं, दाखवलं. त्यांनी त्यातल्या एका पंज्यावर आपला पंजा ठेवला आणि तसेच उभे राहिले.

मग बोलले. इतके दिवस न बोललेलं सगळं. जमेल तसं उतरवते.

धक्का त्यांनीच बांधला होता. बावीस वर्षांपूर्वी, वर्षातल्या मोठ्या उधाणाला, देवळाच्या उत्सवाहून परत येणारी होडी धक्क्यापाशी उलटली. प्रवाहाने माणसांना धक्क्याखाली ओढून नेलं. त्यांनी खांब धरले. पाणी चढत होतं, वर फळ्या. एकोणीस माणसं. वरून सगळं गाव फळ्या उचकटत होतं, पण खुंट्या फुगलेल्या. फट नाही. त्यांनी स्वतः फट ठेवली नव्हती, त्याचा अभिमान होता त्यांना. खालून ठोकत होते लोक. वर पहार घेऊन पाक रुंडुंग होते. त्यांची बायको कासिह खाली होती. नवव्या फळीखाली. ठोकणं एकेक करून थांबलं. तिचं शेवटी थांबलं. पहिली फळी निघाली तेव्हा खाली नुसतं पाणी होतं.

प्रेतांच्या जागी बाहुल्या करून दहन केलं, म्हणाले, अस्थी समुद्रात सोडल्या, सगळं विधिवत. पण कासिह अजून ठोकते. धक्का मोडताना ते लाकूड दुसरीकडे कुठे जाऊ दिलं नाही. जसा होता तसा बांधला. तशाच उधाणाची तिथी काढली. या वेळी वेळेवर उघडायचं.

मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, एका म्हातारीला खाली बसवून? आणि वेंतेन? आम्हाला सांगितलं का नाही?

म्हणाले, सांगितलं असतं तर तू फळ्या घातल्या असत्यास?

मग रडायला लागले. वेंतेन खाली झोपेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले. म्हातारी पोचायच्या आत मी उघडणार होतो.

मीही सांगितलं नव्हतं. 

२७ ऑगस्ट

म्हटलं, आत्ता काढू फळ्या, ओहोटी आहे, धोका नाही. ते म्हणाले, ओहोटीला खाली कोण असतं? कोणाला काढणार?

तरी मी सुरुवात केली. वाद घातला नाही त्यांनी, पहार धरली. दिवसभरात दोन खुंट्या. फक्त दोन. मी ठोकलेल्या. मी इतक्या घट्ट ठोकलेल्या.

खांब कापायचा प्रयत्न. करवतीचं पातं तुटलं.

२९ ऑगस्ट

आठ आणि नऊ नंबरच्या फळ्यांच्या खुंट्या निघाल्या. फळ्या जागेवरच, नुसत्या टेकवलेल्या. बाकीच्या सात हलत नाहीत.

रेघ दुपारी गळ्यापर्यंत होती. मी दारातून पाहिलं. आत गेले नाही. एक कोंबडी शिरली होती. मेन रस्मिनची. ती हवेत, माझ्या गळ्याच्या उंचीवर, पंख पसरून तरंगत होती, मान खाली. कोरडी.

इबू हेरावती ऐकत नाहीत. उद्या अकराची होडी. उधाणाचा कळस बाराला दहा कमी. त्या म्हातारीला सरळ त्या खोलीत आणतील.

मेन रस्मिनला सांगितलं, काही कर, पण किनाऱ्यावरून हलू देऊ नकोस त्यांना. ती म्हणाली, आडवी पडेन, साप चावला म्हणेन, गावाला गोळा करेन. पण तू का वर राहतेस गं? तूही चल. हात ओढत होती माझा.

म्हटलं, एका माणसाला दोन फळ्या उचलता येत नाहीत.

खरं कारण तिला नाही सांगितलं. वेंतेनला मी त्या खोलीत झोपू दिलं. आज परत निघून गेले तर

नाही. राहते.

३० ऑगस्ट. सकाळी साडेदहा

माडीवर. पाक रुंडुंग आणि मी. दोन पहारी. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत ओल. खाली उतरायचा रस्ता आता नाही — खोली दिसते तशी रिकामी आहे. रिकामी नाही.

अकरा वाजून पाच

होडी आली. इथून किनारा दिसतो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मेन रस्मिन वाळूत लोळते आहे. लोक जमले. म्हातारीला सावलीत बसवलं.

थांबले. थांबले ते. आता काही होवो.

अकरा वीस

ठोकायला लागले. सगळ्या फळ्यांवर एकदम नाही. आधी तीन. मग सहा. या वहीखालीही. अक्षर हलतं ते त्यामुळे.

पाक रुंडुंग म्हणतात थांब. पाणी फळीला टेकू दे. तेव्हाच हात वर पोचतील.

अकरा पस्तीस

फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येतंय. खरं. ओलं. पाय भिजले. मी फट ठेवली नव्हती —

नववी फळी उचलली. दोघांनी. काळं पाणी, काठोकाठ. त्यात ऊन शिरत नाही. पाक रुंडुंगनी नाव घेतलं. कासिह. खांद्यापर्यंत हात घातला. चेहरा — असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मग ते गेले. पडले नाहीत. कोणी ओढलं तसंही नाही. कोणीतरी बोलावल्यासारखे गेले. पाणी नुसतं मिटलं.

एक ठोकणं थांबलं. बाकीची —

अकरा चाळीस

अठरा जण आहेत. आणि वेंतेन. मला वाटतं वेंतेनही. एक ठोका आहे, तीनदा, मग थांबून एकदा. तो छपरावर मला हाक मारताना बांबूवर असंच वाजवायचा.

फळी परत टाकून वर बसता येईल. दहा मिनिटांत ओहोटी लागेल. तसं कोष्टक सांगतं.

आठवी उचलली. एकटीने. निघाली.

हात वर आले

किती तरी. कडा धरतात, सुटतात. एक धरला. थंड, बोटं सुजलेली, पण धरतो आहे, जिवंत माणसासारखा घट्ट. डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा त्याच्याकडे आहे

ओढते आहे मी. जोर लावते. कोपरापर्यंत आला. केस दिसतात. कोण ते कळत नाही अजून. माझ्या मनगटावर दुसरा हात आला. तिसरा

वर येतोय. येतोय ना. की मीच खा